शरभ : शब्दातील पशू आणि शिल्पातील पशू

महाराष्ट्रातील गिरिदुर्गांच्या व जलदुर्गांच्या दरवाजांवर एक विलक्षण पशू कोरलेला आढळतो. त्याचा देह सिंहाचा किंवा वाघाचा असून कित्येकदा त्याच्या पंज्यांत हत्ती धरलेले असतात. काही ठिकाणी त्याला पंख आहेत, काही ठिकाणी नाहीत. शिवनेरीच्या दरवाजांवर हा पशू दिसतो. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात मुरूडजवळ असलेल्या जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशीही हत्तींना पंज्यांत पकडणारा व्याघ्रसदृश पशू आहे. अशा शिल्पांना सामान्यतः ‘शरभ’ म्हटले जाते. परंतु संस्कृत ग्रंथांतील शरभ आणि हा पशू यांचे वर्णन जुळत नाही. ही विसंगती कशी उत्पन्न झाली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास पाहू. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाला अयोग्य ठरलेल्या पशूंमध्ये उंट, गवय इत्यादींबरोबर शरभाची गणना केली आहे. तेथे तो अद्भुत प्राणी दिसत नाही. अमरकोशानेही त्याला गवय, शश यांच्या पंक्तीस बसविले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र चित्र पालटते. ऋषीच्या कृपेने एक कुत्रा क्रमाक्रमाने बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह आणि शेवटी शरभ होतो. हा शरभ अष्टपाद असून सिंहालाही भारी आहे. पुढे लिंगपुराणादी शैव ग्रंथांत नृसिंहाचे दमन करणाऱ्या शिवाचे तेच रूप ठरले. सारांश, वन्य पशूंच्या मालिकेतील एक नाव हळूहळू सर्व पशूंच्या वरचे स्थान दर्शविणारी संज्ञा बनले. ग्रंथकाराने हे सामर्थ्य संख्येने व्यक्त केले. चारांचे आठ पाय केले.

शब्दात आठ पाय सांगणे सोपे आहे. दगडात ते धडाला जोडावे लागतात. खांदा कोठे संपतो, दुसरा खांदा कोठे सुरू होतो, मागचे पाय पडताना पुढच्यांना अडत कसे नाहीत, हे प्रश्न लेखकाला टाळता येतात, शिल्पकाराला येत नाहीत. दुर्गशिल्पांतील पशू बहुधा चारच पायांवर उभा आहे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याचे सामर्थ्य अवयवांच्या संख्येने नव्हे, तर प्रमाणाने दाखविले आहे. हत्ती पंज्यात मावतो, एवढे दाखविले की शरभाचे मोठेपण निराळे सांगावे लागत नाही.

कल्पित प्राण्यांच्या आधुनिक चित्रकारांपुढेही हाच प्रश्न आहे. डूगल डिक्सन यांनी ‘आफ्टर मॅन’ (१९८१) या ग्रंथात मानवजात नष्ट झाल्यावर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, हे चितारले. वेन बार्लो यांनी ‘एक्स्पेडिशन’ (१९९०) मध्ये एका परग्रहावरील नेत्रहीन जीवसृष्टी रंगविली. अशा कृतींची परीक्षा करताना दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखले पाहिजेत. पृष्ठवंशी भूचरांना अवयवांच्या दोनच जोड्या असतात, हा वंशपरंपरेचा नियम होय. पक्ष्याचा पंख हाही पुढचा पायच. परग्रहावर हा नियम लागू असण्याचे कारण नाही. तेथे अष्टपाद शरभ खुशाल नांदेल. आकारमानाचा नियम मात्र पदार्थविज्ञानाचा आहे. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात दाखविले होते की, देवदूताला उडावयाचे तर पंखांच्या स्नायूंसाठी त्याची छाती सुमारे चार फूट पुढे यावी लागेल.

या कसोटीवर दुर्गशिल्पातील शरभही पूर्णपणे उतरत नाही. पंख असलेल्या शरभाला अवयवांच्या तीन जोड्या होतात, आणि हत्तीला मुठीत धरणाऱ्या देहाला मांजरकुळातील सडपातळ पाय पुरणार नाहीत. तथापि ज्या हत्तींच्या जगात त्याला वावरावयाचे होते, त्याच जगातून शिल्पकाराने त्याचा देह घेतला. म्हणूनच तो पाहणाराला पटतो.

यातून अभ्यासकांसाठी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शिल्पाची नोंद करताना ‘शरभ’ हे नाव प्रथम लिहू नये. पाय किती, पंख आहेत की नाहीत, मुख कोणाचे, हत्ती किती व कोठे धरले आहेत, हे आधी टिपावे आणि नाव शेवटी द्यावे. नाव आधी ठरले की झिजलेल्या दगडातही पंख दिसू लागतात. शिवाय पंखहीन व्याघ्र आणि सपक्ष सिंह एकाच शब्दाखाली घातले, तर पाथरवटाने केलेली निवड कायमची झाकली जाते. शब्दाचा इतिहास ग्रंथांत जपला गेला आहे. दगडातील निवडीला मात्र त्या दगडावाचून दुसरा साक्षीदार नाही.