पद्मिनीच्या काचेभोवतीची पट्टी

आजचा भाग एका पट्टीबद्दल आहे. हो, पट्टीच. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या काचेभोवती रबरात बसवलेली ती चकचकीत पट्टी, गॅरेजवाले जिला 'बीडिंग' म्हणतात.

गेल्या महिन्यात मामाच्या पद्मिनीची ही पट्टी मी काढायला घेतली. खाली गंज आलाय का ते बघायचं होतं. स्क्रूड्रायव्हर घातला, एका टोकाला धरून ओढलं, आणि पट्टीला मधोमध बाक आला. मामा काही बोलला नाही. तेच जास्त लागलं. कारण ही पट्टी आता नवीन मिळणं कठीण.

तर थोडं मागे जाऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. गंमत बघा, इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्येच संपली. कुर्ल्यात मात्र तोच साचा जवळजवळ शतक संपेपर्यंत चालला.

आता पट्टी कशाला? काच आणि पत्रा वेगवेगळे बनतात, एकमेकांना तंतोतंत कधीच जुळत नाहीत. म्हणून मध्ये रबर. त्याच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. पण रबर पडलं काळं, आणि तो जमाना चकाकीचा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गाड्यांवर क्रोमचा मुलामा आला. १९३० च्या फोर्ड मॉडेल ए वर तर हेडलाइट आणि रेडिएटरचं कवच स्टेनलेस स्टीलचं होतं. ती हौस पुढे काचेच्या कडेपर्यंत पोचली. काही गाड्यांत तर ही पट्टी नुसती शोभेची नसते, पाचरीसारखी बसून रबराला काचेवर दाबून धरते.

मी नेमका इथेच चुकलो. ही पट्टी गोंदाने चिकटवलेली नसते, तिला रबराच्या ओठांनी धरलेलं असतं. म्हणजे पट्टी ओढायची नाही, ओठ बाजूला करायचा. नंतर एका जुन्या मिस्त्रींनी दाखवलं. गाडी उन्हात उभी करायची, रबर मऊ होऊ द्यायचं. साबणाचं पाणी सोडायचं. शेजारच्या रंगावर टेप लावायची. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथलं छोटं झाकण आधी सरकवायचं. मग लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर घेऊन बोटबोटभर पुढे जायचं, दुसऱ्या हाताने पट्टीला आधार देत. घाई केली की बाक आलाच.

हल्लीच्या गाड्यांची पुढची काच पॉलीयुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवतात. त्याने गाडीचा सांगाडा मजबूत होतो, हे खरंच. पण ती काढायची म्हणजे तो थर कापावा लागतो. पद्मिनी मात्र पुन्हा उघडता येईल अशीच बांधलेली होती. पाचर, दोरी आणि दोन माणसं असली की फुटपाथवरही काच बदलता यायची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या इतकी वर्षं टिकल्या त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला झाली. वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्या रस्त्यावरून गेल्या.

गाड्या गेल्या, तशी ती पाचर धरणारी बोटंही कमी होत चालली आहेत. मिस्त्रींनी माझी पट्टी लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करून दिली. नीट बघितलं तर बाक अजून दिसतो. आणि हो, खाली गंज होताच. वेळेत सापडला. मामा म्हणाला, "पट्टी वाकली तर वाकली, पत्रा तर वाचला!"

भेटू पुढच्या भागात.