पाऊस कमी, पण अतिवृष्टी जास्त, असं का? शास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांचं संशोधन काय सांगतं

ऐन पेरणीनंतर पावसाचा खंड पडतो आणि मग एका दिवसात शेत खरवडून नेईल असा पाऊस येतो. याचं एक कारण अरबी समुद्रात आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसोबत त्याचा अभ्यास केला आहे. ते मूळचे केरळचे. २०२४ मध्ये त्यांना केंद्र सरकारचा विज्ञान युवा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

समुद्र का तापतोय?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि उष्णता अडवून धरतो. या वाढीव उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र पोटात घेतो. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्साही तोच शोषतो. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं पावसाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान १.२ अंशांनी वाढलं, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं.

पावसाचं गणित कसं बिघडलं?

जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून मान्सूनचे वारे जमिनीकडे ओढले जातात. समुद्रच तापल्यानं हा फरक कमी झाला, वाऱ्याची ओढ मंदावली आणि मध्य भारतातला एकूण पाऊस घटला. पण तापलेल्या समुद्रातून वाफ जास्त उठते. मधूनच वाऱ्यानं जोर धरला की ती एकदम आत येते आणि ढग रिते होतात. १९५० ते २०१५ दरम्यान महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं २०१७ च्या अभ्यासात आढळलं. इथं अतिवृष्टी म्हणजे दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस.

मासेमारीलाही फटका

समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात आणि त्यांच्यावरच माशांची साखळी चालते. वरचं पाणी तापून हलकं झालं की तळातलं पोषक द्रव्य वर येत नाही. रानाला खत न मिळाल्यासारखंच. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत या वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं २०१६ च्या अभ्यासात म्हटलं आहे.

शेतकऱ्यानं काय घ्यावं?

हंगामाच्या सरासरीवर विसंबून चालणार नाही. खंडासाठी शेततळ्यात पाणी आणि अतिवृष्टीसाठी शेतात निचऱ्याचे चर, दोन्हीची सोय लागेल.