नऊ गळे, एक सूर

भक्तीची गाणी गाणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी असते. गाणे देवाचे, टाळी मात्र गाणाऱ्याला. आपल्याच गावच्या प्रार्थनामंदिरात आठवड्यातून एकदा गाणाऱ्याला ती फारशी जाचत नाही, कारण समोर बसलेल्यांना त्याचे सारे गुणदोष ठाऊक असतात. पण जो रोज नव्या गावी गातो, रोज अनोळखी माणसांची वाहवा घेतो आणि सकाळी उठून पुढच्या गावाची गाडी धरतो, त्याला 'तुझे पाय जमिनीवर नाहीत' असे सांगणारे जवळ कोणी उरत नाही. अमेरिकेत १९७० च्या आगेमागे विजेची गिटारे आणि ड्रम घेऊन ख्रिस्ती रॉक गीते गाणारी पथके गावोगाव हिंडू लागली, आणि लोकप्रियतेत नम्र कसे राहावे हा प्रश्न त्यांनाही पडला. श्रोतेहो, आज मी त्यांच्याविषयी बोलणार नाही. त्यांच्या शंभर वर्षे आधी त्याच देशात त्याच वाटेने निघालेल्या एका गायकपथकाची हकीकत मला सांगायची आहे. ज्या गाण्यांचा अंश पुढे गॉस्पेल संगीतात आणि तेथून रॉक संगीतातही उतरला, ती गाणी या पथकाने जगापुढे नेली.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. दुसऱ्याच वर्षी, १८६६ च्या जानेवारीत, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी एका मिशनरी संस्थेने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी शाळा उघडली. जागा होती सैन्याच्या जुन्या इस्पितळाच्या लाकडी बराकींची. हीच पुढे फिस्क विद्यापीठ म्हणून ओळखली गेली. नाव विद्यापीठाचे, पण पाच वर्षांत बराकी कुजू लागल्या, कर्ज वाढले, आणि शाळा बंद करावी अशी भाषा सुरू झाली. जॉर्ज व्हाइट नावाचे एक गोरे गृहस्थ तेथे खजिनदार होते आणि फावल्या वेळी मुलांना गाणे शिकवीत. लोहाराचा हा मुलगा. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, कान मात्र विलक्षण. तिजोरीत पैसा नाही हे खजिनदाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मुलांना घेऊन उत्तरेत जावे, गावोगाव गावे आणि शाळेसाठी पैसा उभा करावा, असे त्यांनी मनात घेतले. मिशनरी संस्थेने या धाडसाला पैसा देण्याचे नाकारले. तरीही ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी घेऊन व्हाइट निघाले. त्यांतील बहुतेक जन्माने गुलाम होते. सर्वांत लहान मिनी टेट अवघी चौदा वर्षांची.

त्या नऊजणांतील एला शेपर्डची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. ती जन्मली १८५१ साली, गुलामीत. बापाने मोलमजुरी करून आधी स्वतःला सोडवले, मग साडेतीनशे डॉलर भरून मुलीला विकत घेतले. आईला मात्र मालकाने सोडले नाही. तिला मिसिसिपीत नेण्यात आले. पुढे बाप कॉलऱ्याने गेला. सिनसिनाटी शहरात एलाला एक गोरी संगीतशिक्षिका शिकवायला तयार झाली, पण दोन अटींवर. ही गोष्ट कोणाला कळता कामा नये, आणि मुलीने रात्री नऊच्या सुमारास मागल्या दाराने, मागल्या जिन्याने वर यावे. एलाने त्या अटी मान्य केल्या आणि पियानो शिकली. १८६८ साली सहा डॉलर जवळ घेऊन ती फिस्कला आली. पथकाची ती पियानोवादक, आणि व्हाइट यांच्या खालोखाल तालमीची खरी सूत्रधार. विनयाचे धडे ज्यांना कधी कोणी द्यावेत अशी ही माणसे नव्हती. मागल्या दाराने जाणे ज्यांना जन्मापासून पाठ होते, त्यांना उलट पुढल्या दाराने आत शिरायला शिकायचे होते. माझ्या मते या सगळ्या हकीकतीचे मर्म तेथेच आहे.

आरंभी ती मुले आपल्या आईबापांची गाणी गात नव्हती. कार्यक्रमात त्या काळच्या गोऱ्या समाजाला रुचणारी गीते आणि प्रार्थनासंगीत असे. मळ्यांवर, रात्रीच्या गुप्त प्रार्थनासभांत, गुलामांनी रचलेली जी गाणी आज स्पिरिच्युअल या नावाने प्रसिद्ध आहेत, ती ही मुले बंद दाराआड, एका लहान खोलीत, खुर्च्या अपुऱ्या म्हणून जमिनीवर बसून व्हाइटना हलक्या आवाजात म्हणून दाखवीत. एलाने पुढे त्याचे कारण लिहून ठेवले आहे. ती गाणी गुलामगिरीच्या अंधाराशी जोडलेली होती, म्हणून ती विसरावी असे वाटे. आणि ती आईबापांच्या उपासनेतली होती, म्हणून ती चव्हाट्यावर मांडणे नको वाटे. लाज आणि पावित्र्य अशी एकाच गाण्याभोवती गुंतलेली होती. शिवाय आणखी एक भीती होती. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत, आणि 'मिन्स्ट्रेल' नावाचा तो तमाशा अमेरिकेत तुफान चाले. खरे कृष्णवर्णीय रंगमंचावर आले तर प्रेक्षक त्यांच्याकडूनही तीच अपेक्षा करणार हे उघड होते.

पहिले दिवस अत्यंत हालाचे गेले. ओहायो राज्यातील चिलिकॉथी गावी दोन उपाहारगृहांनी त्यांना दाराबाहेरूनच परत पाठवले. तिसऱ्याने आपली निजायची खोली दिली, पण बाकीच्या गिऱ्हाइकांच्या आधी जेवून घ्या, अशी विनंती करून. त्याच आठवड्यात शिकागो शहर आगीत जळून खाक झाले होते. चिलिकॉथीच्या कार्यक्रमाचे उत्पन्न पन्नास डॉलरांना थोडे कमी पडले. पथकाच्या डोक्यावर कर्ज होते, थंडी तोंडावर आली होती आणि मुलांजवळ पुरते गरम कपडेही नव्हते. ती सगळी रक्कम त्यांनी शिकागोच्या आपद्ग्रस्तांना देऊन टाकली.

ऑक्टोबर सरता सरता मंडळी कोलंबस शहरी पोहोचली तेव्हा परत फिरावे की पुढे जावे, असा प्रश्न पडला होता. रात्र प्रार्थनेत काढून सकाळी व्हाइटनी पथकाला नाव दिले, 'ज्युबिली सिंगर्स'. बायबलच्या जुन्या करारात पन्नासाव्या वर्षाला ज्युबिलीचे वर्ष म्हटले आहे, आणि त्या वर्षी दासांना मुक्त करावे अशी आज्ञा आहे. नाव कोणा गायकाचे नाही, पुढाऱ्याचेही नाही; मुक्तीच्या वर्षाचे आहे.

नोव्हेंबरात ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांची एक मोठी परिषद भरली होती. कामकाज आटोपत आले होते, सभासद आपापसांत बोलत होते. एवढ्यात पथकाने एक गुलामगीत अगदी हळू स्वरात सुरू केले. कुजबूज थांबली. ती थांबली तेव्हा पथकाचे भाग्यही पालटले, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण त्या सभेतल्या ओळखींतूनच डिसेंबरात ब्रुकलिनच्या हेन्री वॉर्ड बीचर या प्रख्यात धर्मोपदेशकाच्या चर्चचे दार उघडले, आणि तेथून पुढे न्यूयॉर्क गाजले. वृत्तपत्रांतून मिन्स्ट्रेल म्हणून हेटाळणीही झाली. पण ज्यांनी ऐकले त्यांना फरक कळला. नक्कल करणारा हसवतो. ही मुले हालचाल न करता, जवळजवळ उभी राहून, हलकेच गात होती.

या गाण्याच्या रीतीविषयी थोडे सांगतो, कारण नम्रतेचा प्रश्न तेथे शब्दांचा उरत नाही, श्वासाचा होतो. व्हाइट यांची शिस्त कडक होती. एकाचाही आवाज दुसऱ्यावर चढता कामा नये. प्रत्येकाने शेजाऱ्याचा सूर ऐकत आपला सूर त्यात मिसळावा. जेनी जॅक्सन आणि मॅगी पोर्टर यांच्यासारखे स्वतंत्र मैफल गाजवू शकणारे गळे त्या नऊजणांत होते; तेही या नियमाला अपवाद नव्हते. हळू गायचे म्हणजे दुबळे गायचे नव्हे, हे सांगताना व्हाइट वाघाचे उदाहरण देत, अशी आठवण नोंदलेली आहे. वाघ मागून आला तर पावलाचा आवाज होत नाही, पण वाघाचे सारे बळ त्या पावलात असते. गायनाविषयी मी ऐकलेल्या उपदेशांत मला हा फार मोलाचा वाटतो. मोठ्याने गाता न येणारा हळू गातो, त्यात काय विशेष? मोठ्याने गाता येत असून जो आवाज आवरतो, त्याच्या आवरण्याला किंमत आहे.

१८७२ च्या मार्चमध्ये पथक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे व्हाइट हाउसमध्ये गायले. पहिल्या दौऱ्यातून वीस हजार डॉलर उभे राहिले. कर्ज फिटले आणि नॅशव्हिलमध्ये नव्या इमारतीसाठी जमीन घेता आली. १८७३ साली मंडळी इंग्लंडला गेली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या आश्रयाने लंडनमध्ये पहिला कार्यक्रम झाला आणि लगेच ड्यूक ऑफ आर्गाइल यांच्या घरी राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गाणे ऐकले. राणीने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली, आणि ही मंडळी एकत्र फार छान गातात असा अभिप्राय लिहिला. 'एकत्र' हा शब्द तिलाही सुचला, याची मला गंमत वाटते. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना घरी जेवावयास बोलावले. ज्यांना पावणेदोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या खानावळीत गिऱ्हाइकांच्या आधी उरकून घ्यावे लागले होते, ते इंग्लंडच्या पंतप्रधानाच्या पंक्तीला बसले.

आणि येथूनच खरी परीक्षा सुरू झाली, असे मला वाटते. खानावळीच्या दारात नम्र राहणे सोपे नसेल, पण तेथे दुसरा मार्गही नसतो. पंतप्रधानाच्या घरून परतल्यावर काय करायचे? पथकातील स्त्रिया चांगले कपडे वापरू लागल्या, पुरुष आपल्या कामाचा मोबदला मागू लागले. सुरुवातीला कोणाला पगार नव्हता. पुढे तो सुरू झाला, पण त्यावरून कुरबूर होत राहिली. पथकाची व्यवस्था पाहणाऱ्या गोऱ्या मिशनरी मंडळींपैकी काहींना वाटू लागले की मुलांना गर्व झाला. या तक्रारी वाचताना माझे मन दोन्ही बाजूंना जाते. कीर्तीने माणसाचे डोके फिरते हे खोटे नाही. त्या पथकातही रुसवेफुगवे झाले. पण ज्याने रोज गाऊन हजारो डॉलर दुसऱ्याच्या हाती दिले, त्याने आपल्या पगाराचा हिशेब विचारला तर तो गर्व कसा? जो स्वतः कधी मागल्या दाराने गेला नाही, त्याने मागल्या दाराने वाढलेल्याला नम्रता शिकवावी, यात काहीतरी चुकते. विनय मागून मिळत नाही. मागून मिळते ती लाचारी.

किंमतही थोडी पडली नाही. हिवाळ्यातले प्रवास आणि पुन्हा पुन्हा गाणे यांनी गळे बसले, शरीरे खचली. १८७४ साली ग्लासगो येथे व्हाइट यांची पत्नी विषमज्वराने वारली. बेंजामिन होम्स हा पहिल्या नऊजणांपैकी एक गायक क्षयाने तरुणपणीच गेला. ज्या शाळेसाठी ही मुले गात होती, तिच्यातले त्यांचे स्वतःचे शिक्षण बहुतेकांच्या बाबतीत अर्धेच राहिले. १ जानेवारी १८७६ रोजी नॅशव्हिलमध्ये 'ज्युबिली हॉल' या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले, त्या दिवशीही पथक परदेशात गात होते. १८७८ साली जर्मनीत ते विसर्जित झाले तेव्हा सात वर्षांत सुमारे दीड लाख डॉलर विद्यापीठाला मिळाले होते.

हे नाव घेऊन पुढेही पथके निघाली. त्यांतील फ्रेडरिक लाउडिन यांचे पथक आपल्या देशातही येऊन गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लाउडिन हे ओहायोत जन्मलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय. तरुणपणी त्यांच्याच गावच्या चर्चने त्यांना गायकवृंदात घेण्याचे नाकारले होते. १८७५ साली ते मूळ पथकात आले आणि पुढे स्वतःच्या मालकीचे पथक घेऊन १८८४ ते १८९० अशी सहा वर्षे त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. आता उत्पन्न विद्यापीठाचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मग हिंदुस्थान. आग्र्यास त्यांनी ताजमहालात गाणे म्हटले. त्या घुमटाखाली एक सूर लावला तरी तो कितीतरी वेळ फिरत राहतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्या क्षणाची कल्पना येईल. गाणाऱ्याने गाणे थांबवले तरी ते चालूच. आणि कोणता सूर कोणाचा, हे तेथे ओळखता येत नाही.

एला शेपर्ड मात्र या प्रदक्षिणेत नव्हती. युद्धानंतर तिने मिसिसिपीतून आपल्या आईचा शोध लावला होता, आणि तिला नॅशव्हिलला आपल्याजवळ आणले होते. १८८२ साली तिने जॉर्ज मूर या धर्मोपदेशकाशी विवाह केला. पुढे ती फिस्कच्या विद्यार्थ्यांना तीच जुनी गाणी शिकवी, हळू आणि एकत्र.