बाखपाटेनशाफ्ट

(ओढ्याचे पालकत्व). जर्मनीत गावकरी, शाळा, मासेमारांची मंडळे व निसर्गसंस्था गावालगतच्या एखाद्या ओढ्याची जबाबदारी घेऊन त्याच्या काठी देशी झाडे लावतात व जोपासतात, त्या व्यवस्थेचे हे नाव. ‘बाख’ म्हणजे ओढा. ‘पाटे’ म्हणजे ख्रिस्ती बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी स्वीकारणारा धर्मपिता. नावात लागवडीचा उल्लेख नाही, सांभाळण्याचा आहे. कामातही मोठा वाटा सांभाळण्याचाच असतो.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकात, विशेषतः १९३० नंतर आणि पुढे १९५३ च्या जमीन-एकत्रीकरण कायद्यानंतर, शेतीसाठी असंख्य ओढे सरळ करण्यात आले. काठची झाडे यंत्रांच्या वाटेत येतात म्हणून तोडली गेली. उघड्या पडलेल्या पाण्यात ऊन शिरले, पाणी तापले आणि थंड पाण्यात राहणारा ट्राउट मासा मागे हटला. १९८० च्या दशकात पालकत्वाची कल्पना रुजली. हॅम्बुर्गमधील वांड्से ओढ्यावर असे गट काम करीत आले आहेत. ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्याने १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘आक्सिओन ब्लाउ’ ही ओढे-पुनरुज्जीवनाची योजना आखली आणि २०११ मध्ये ‘आक्सिओन ब्लाउ प्लुस’ या नावाने ती वाढवली. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलनिर्देशानुसार सर्व प्रवाह २०१५ पर्यंत, फार तर २०२७ पर्यंत, चांगल्या स्थितीत यायचे होते. जर्मनीत एक दशांश प्रवाहही अजून त्या पातळीला पोचलेले नाहीत.

करार : पालक नगरपालिकेशी लेखी करार करतात, ओढ्याची मालकी व कायदेशीर देखभाल पालिकेकडेच राहते.

झाडे : मुख्य वृक्ष काळा आल्डर (जर्मन नाव श्वार्त्सएर्ले). वाळुंजाच्या प्रजातीतील विलो, अ‍ॅश व काही झुडपे त्याच्या जोडीला असतात. विलोच्या ताज्या फांदीचा खुंट ओल्या काठात ठोकला तरी तो फुटतो, त्यामुळे शाळकरी मुलांच्या हातून तीच लागवड प्रथम होते. अ‍ॅश मात्र २००२ पासून शेंडामर रोगाने ग्रासला आहे.

आल्डरला काठावर तोड नाही. त्याची मुळे पाण्याच्या पातळीखाली उतरतात, इतर बहुतेक झाडांची मुळे तिथे गुदमरतात. पाण्यात लोंबणाऱ्या तांबूस मुळ्यांचा झुपका हाताने बाजूला केला तर आत माशाची पिले दडलेली दिसतात. मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया हा सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन धरून ठेवतो, म्हणून पाने पोषक असतात आणि लवकर कुजतात. गळलेल्या पानांवर बारीक कवचधारी जीव जगतात, त्यांच्यावर मासे. ताजे लाकूड पांढरट असते. कापताच काही वेळात ते नारिंगी-तांबडे होते.

लागवड पानगळीनंतर, झाडे निद्रिस्त असताना करतात. सावलीसाठी दक्षिणेकडचा काठ अधिक उपयोगी. सलग रांगेपेक्षा मध्ये मोकळ्या जागा सोडून पुंजके लावणे इष्ट. १ मार्च २०२० पासून मोकळ्या निसर्गात परक्या मूलस्थानाची रोपे लावण्यास परवाना लागतो. वृक्ष-झुडपांसाठी देशाचे सहा मूलस्थान-विभाग पाडले आहेत, आणि रोप देशी जातीचे असणे पुरेसे नाही, ते त्याच विभागातील बियांचे हवे. ही अट काही गटांना जाचक वाटते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ती योग्यच आहे.

निगा : पहिली दोन-तीन वर्षे रोपांभोवतीचे गवत काढावे लागते. बीव्हर हा प्राणी १९६६ पासून बव्हेरियात पुन्हा आणला गेला; तो परतला तेथे खोडांना जाळी लागते. उन्हाळ्यात मोठे काम असते ते हिमालयी तेरडा उपटण्याचे. गौरीच्या सणाला आपण वापरतो त्या तेरड्याचाच हा उंच नातलग. एकोणिसाव्या शतकात तो शोभेसाठी युरोपात नेला गेला आणि ओढ्याकाठी पसरला. बोंड पिकले की जरा स्पर्शाने तडकते व बिया काही मीटर दूर उडतात. म्हणून बोंडे धरण्यापूर्वीच तो काढावा लागतो. उथळ मुळांचा हा तेरडा हिवाळ्यात मरतो आणि काठ उघडा पडून माती वाहून जाते.

आल्डरमर : बटाट्याच्या एका करप्यास कारण होणाऱ्या फायटॉप्थोरा प्रजातीतील एका संकर जातीमुळे आल्डरची मुळे व बुंधा सडतो. १९९३ मध्ये हा रोग इंग्लंडमध्ये आढळला, लवकरच जर्मनीतही. पाने लहान, विरळ व पिवळट होतात. बुंध्यावर डांबरासारखे काळसर डाग उठतात. बीजाणू पाण्यातून पोहत जातात, पूर आला की दूरवर.

बव्हेरियातील अभ्यासात (२००४) रोपवाटिकांतील संसर्गित रोपे हा रोग पसरण्याचा एक मार्ग ठरला. म्हणजे सद्हेतूने केलेल्या लागवडीतूनही काही ओढ्यांना रोग गेला असावा. संकर नेमका कोठे उद्भवला याविषयी एकमत नाही. पालकगटांच्या अहवालांत मात्र लावलेल्या रोपांचा आकडा ठळक असतो, रोपे कोठून आणली हे क्वचितच येते. ती नोंद प्रत्येक गटाने ठेवलीच पाहिजे. रोगट झाड जमिनीलगत तोडले तर खुंटाला पुष्कळदा निरोगी फुटवा येतो. वरच्या अंगाला रोग नसेल अशा ओढ्यावर बाहेरचे आल्डर रोप आणू नये, असा सल्ला वनतज्ज्ञ देतात. बी हिवाळ्यात गळते, हवा भरलेल्या कडांमुळे पाण्यावर तरंगत खाली जाते आणि उघड्या ओल्या मातीवर आपोआप रुजते. अशा ठिकाणी पालकाकडे एकच काम उरते : गुरे आत शिरणार नाहीत असे कुंपण शाबूत ठेवणे.