निंबळकहून यावलला : एका आडनावाची कुळकथा

यावलच्या नदीकाठी उंचवट्यावर उभा असलेला भुईकोट आजही निंबाळकरांचा किल्ला म्हणूनच ओळखला जातो. ज्या खानदेशात पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही वतनांवरून रूढ झालेली आडनावे घरोघर आढळतात, तेथे शंभरावर कोस दक्षिणेकडील एका खेड्याचे नाव धारण करणारे हे कुळ कसे येऊन पोहोचले, याचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

हे खेडे म्हणजे फलटण तालुक्यातील निंबळक. कुलपरंपरेप्रमाणे या घराण्याचा मूळ पुरुष निंबराज हा धारच्या परमारांपैकी. तो या गावी स्थायिक झाला आणि त्याच्या वंशजांचे पवार हे उपनाम मागे पडून निंबाळकर हे रूढ झाले. असे अन्यत्रही घडले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन याचा पूर्वज विल्यम याने बाराव्या शतकात हर्टबर्न सोडून डरहॅम प्रांतातील वॉशिंग्टनची जहागीर स्वीकारली, तेव्हा जुन्या गावाचे नाव टाकून नव्याचे लावले. भूमी बदलली की उपनाम बदलावे, ही त्या काळची रीतच होती. पुढे मात्र, निंबाळकर कुळाची कीर्ती वाढल्यावर, तेच उपनाम भूमी सुटली तरी सुटेनासे झाले.

ही कीर्ती फलटणास आली. नाईक हा किताब आणि देशमुखीचे वतन यांनी घराण्याचा दरारा वाढविला. मालोजी भोसल्यांच्या पत्नी दीपाबाई आणि शिवछत्रपतींच्या पत्नी, संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई या दोघी याच कुळातल्या. अशा घराण्यातील पुरुष दुसऱ्या मुलखात चाकरीस गेला, तर निंबळकशी त्याचा संबंध उरलेला नसतानाही आडनाव टाकणे त्यास परवडणारे नव्हते. कारण दरबारात मनसब, सरंजाम आणि सोयरीक ही तिन्ही त्या नावाच्या भरवशावर मिळत. निजामाच्या पदरी ज्यांना रावरंभा हा किताब मिळाला, त्यांना तो मिळाला निंबाळकर म्हणून, आणि करमाळ्यास त्यांनी किल्ला बांधला तोही त्याच नावाने.

यावलची शाखा शिंद्यांच्या अमलातली. 1788 मध्ये शिंद्यांनी यावल निंबाळकरांकडे दिले आणि जाड्याभरड्या देशी कागदासाठी व निळीसाठी एकेकाळी नावाजलेल्या या कसब्यास निंबळकचे नाव येऊन चिकटले. जुन्या मोडी कागदात इसमाच्या नावापुढे ‘बिन’ घालून बापाचे नाव, त्यास लागून आडनाव, मग हुद्दा आणि शेवटी परगणा, असा क्रम आढळतो. परगणा बदले, हुद्दा बदले, मधले आडनाव तेवढे अढळ राहे. कुळाचा खरा इतिहास या एका ओळीत साठविलेला असतो, असे माझे मत आहे.

म्हणून ज्यांच्या घरी सनदा, वंशावळी, हिशेबाच्या फडांतील रुमाल अद्याप शिल्लक असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता मोडीच्या जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि त्यांची एक नक्कल जवळच्या इतिहास-संशोधन मंडळाकडे अवश्य पोहोचवावी.