बाळासाहेब थोरात : संगमनेरचे माजी आमदार, राज्याचे माजी महसूलमंत्री

विजय ऊर्फ बाळासाहेब भाऊसाहेब थोरात यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९५३ रोजी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे झाला. वडील भाऊसाहेब थोरात हे स्वातंत्र्यसैनिक व तालुक्यातील सहकाराचे प्रमुख नेते. कायद्याचे शिक्षण घेतलेले बाळासाहेब १९८५ साली अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. पुढे काँग्रेसच्या तिकिटावर २०१९ पर्यंत ते सलग निवडून आले. एकूण आठ वेळा!

या यशाचा पाया म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था. आपल्या वस्त्यांतील अनेकांना तिथे काम मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. पण कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा असतो, आणि उसाला जमीन लागते. म्हणून आम्हाला त्यांची आमदारकी नव्हे, तर त्यांच्याकडे पूर्वी असलेले महसूल खाते जास्त महत्त्वाचे वाटते.

१९९९ नंतर ते पाटबंधारे राज्यमंत्री होते, २००४ नंतर कृषिमंत्री. नोव्हेंबर २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि महसूल खाते थोरातांकडे आले. सातबारा, गायरान, वतनी जमीन, सगळे याच खात्याचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, तेव्हापासून हा आपला प्रश्न आहे.

गायरानाचे उदाहरण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले होते. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. मात्र भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. १२ जुलै २०११ रोजी महसूल विभागाने या निकालावर शासन निर्णय काढला. मंत्री थोरातच होते. गायरान कसणाऱ्याला नोटीस आली की या निर्णयाचा हवाला दिला जातो, अपवादाचा उल्लेख क्वचितच होतो. नोटिशीला उत्तर देताना तो अपवाद आपणच लिहायचा.

जुलै २०१९ मध्ये थोरात प्रदेशाध्यक्ष झाले. पक्ष मोडकळीला आलेला असताना त्या निवडणुकीत काँग्रेसच्या ४४ जागा आल्या, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्यासोबत काँग्रेसच्या दोघांनी शपथ घेतली : थोरात आणि नागपूरचे नितीन राऊत. महसूल पुन्हा थोरातांकडे गेले, राऊतांकडे ऊर्जा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सातबाराधारक शेतकऱ्याची सोय झाली. ज्याचे नाव फक्त गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीत आहे, त्याचे पीक कोण नोंदवणार?

जून २०२२ मध्ये सरकार गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाचे सत्यजित तांबे नाशिक पदवीधर मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. त्या वादात थोरातांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवसेनेच्या (शिंदे) अमोल खताळ यांनी त्यांचा सुमारे साडेदहा हजार मतांनी पराभव केला.