धार लावायची की पातं बदलायचं?

विजेच्या रंध्याचं पातं बोथट झालं की कुणीतरी म्हणतंच, "हल्ली धार लावायचा कंटाळा, म्हणून फेकतात." मला हे पटत नाही. पातं का फेकलं जातं, हे समजायला आधी धार लावायच्या दगडाकडे बघावं लागतं.

पातं घासायचं तर त्याहून कठीण दगड हवा. साध्या पोलादाला कुरुंद पुरतो. हा दगड आपलाच; 'कोरंडम' हे त्याचं इंग्रजी नावही दक्षिण भारतातल्या भाषांतून गेलं. रंधा, पटाशी दगडावर आणि करवत कानशीने, असं सुतार सगळं स्वतःच पाजळायचा. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या अमेरिकनांचं हायस्पीड स्टील लोकांनी पाहिलं. लाल होईपर्यंत तापलं तरी ते कापत राहायचं, पण त्यालाही कुरुंदाच्या जातीचं चाक चालायचं.

घडी मोडली ती जर्मनीत. 1923 मध्ये कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टने बांधून घेतली. क्रुप कंपनीने 1926 पासून ती 'विडिया' नावाने विकली, अर्थ, 'हिऱ्यासारखं'. 1964 मध्ये विडियाची कंपनी बंगळुरूतही आली.

कार्बाइडपुढे कुरुंद हरतो. त्याला सिलिकॉन कार्बाइडचं हिरवं चाक लागतं, आणि नीट धार हवी तर हिराच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1954 च्या डिसेंबरात कृत्रिम हिरा बनवला, पुढे हिऱ्याची चाकं आवाक्यात आली. पण कारखान्यांच्या, सुताराच्या नव्हे.

1958 मध्ये जपानच्या मकिताने हातात धरायचा विजेचा रंधा काढला. आज अशा रंध्यांत कार्बाइडची अरुंद, दोन धारांची पाती सर्रास असतात. एक धार गेली की पातं उलटायचं, दुसरी गेली की टाकायचं. ती घासून घेण्यापेक्षा नवी स्वस्त पडतात.

म्हणून सरसकट फेकूही नका. हायस्पीड स्टीलचं पातं आजही घरच्या दगडावर लागतं. दोन पाती असतील तर दोन्ही सारखीच घासा, नाहीतर मशीन थरथरतं. गोल करवतीचे कार्बाइडचे दात शाबूत असतील, तर हिऱ्याचं चाक असलेल्या धारवाल्याकडे ती पुन्हा पुन्हा लावून मिळते.

सुतार आळशी झाला नाही, मंडळी. त्याच्या पात्याहून कठीण दगड त्याच्या घरातून गेला, आणि धारेवरचा त्याचा ताबाही.